विश्वास, घासाघीस आणि अंदाज

अर्थशास्त्राच्या वाट्याला प्रयोगशाळा कधींच यावयाची नाहीं, असें शंभर-सव्वाशें वर्षें सर्रास मानलें जात होतें. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत त्याची कारणमीमांसाही करून ठेविली आहे. रसायनशास्त्रज्ञ दोन कुप्या घेतो, एकींत एखादा पदार्थ घालतो, दुसरींत घालीत नाहीं, आणि दोहोंतील फरक पाहतो. पण हवापाणी, लोक, कायदे, भांडवल या सर्व बाबतींत अगदीं सारखे, आणि केवळ एकांत जकात आहे व दुसऱ्यांत नाहीं एवढाच ज्यांत भेद, असे दोन देश अर्थशास्त्रज्ञानें कोठून आणावे? म्हणून त्यानें मनुष्यस्वभावाविषयीं एकदोन गृहीतें धरावीं, त्यांवरून तर्क चालवावा आणि निघालेलीं अनुमानें व्यवहाराशीं ताडून पाहावीं, हाच राजमार्ग ठरला. त्या गृहीतांपैकीं मुख्य असें कीं, माणूस आपला फायदा ओळखतो आणि थोड्या फायद्यापेक्षां अधिक फायदा पसंत करतो.

हें गृहीत खोटें नाहीं. भाजीबाजारांत घटकाभर उभें राहिलें तरी त्याचा प्रत्यय येतो. परंतु व्यवहार निव्वळ फायद्याच्या हिशेबावर चालत नाहीं, हेंही त्याच बाजारांत दिसतें. गिऱ्हाईक दोन रुपयांसाठीं घासाघीस करतें आणि आपल्याला नाडलें जात आहे असें वाटलें कीं गरज असूनही पाठ फिरवून चालूं लागतें. व्यापारी अनोळखी माणसाला उधारी नाकारतो आणि ओळखीच्या माणसाला कागदाच्या कपट्याशिवाय माल देतो. उद्यां भाव चढणार अशी हूल उठली कीं भाव आजच चढतो. घासाघीस, विश्वास आणि दुसरा काय करील याविषयींचा अंदाज, या तीन गोष्टी थोड्याफार प्रमाणांत प्रत्येक सौद्यांत असतात. त्या आहेत हें सर्वांनाच ठाऊक होतें. त्या मोजाव्या कशा, हें कोणाला ठाऊक नव्हतें. देश प्रयोगशाळेंत नेतां येत नाहीं हें खरें, पण सौदा नेतां येतो, ही साधी कल्पना मूळ धरण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

हार्वर्ड विद्यापीठांतील प्राध्यापक एडवर्ड चेंबरलिन यानें आपल्या वर्गांतील विद्यार्थ्यांचा एक लुटुपुटीचा बाजार भरविला व त्याची हकीकत १९४८ सालीं प्रसिद्ध केली. कांहीं विद्यार्थी विक्रेते झाले, कांहीं ग्राहक. प्रत्येकाच्या हातीं एक चिठ्ठी दिलेली असे. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर, याहून कमी भावानें विकूं नये असा आंकडा. ग्राहकाच्या चिठ्ठीवर, याहून अधिक देऊं नये असा आंकडा. साऱ्या चिठ्ठ्या प्राध्यापकाच्या माहितींतल्या असल्यामुळें मागणी-पुरवठ्याच्या सिद्धान्ताप्रमाणें भाव कोठें ठरावयास हवा, हें त्याला आधींच काढतां येत होतें. प्रयोगाची सारी मातबरी याच एका गोष्टींत आहे. खऱ्या बाजारांत कोणाच्या मनांत कोणता आंकडा आहे हें कोणालाच दिसत नाहीं, आणि म्हणून सिद्धान्त बरोबर ठरला कीं चुकला हेंही निर्विवाद सांगतां येत नाहीं.

विद्यार्थी खोलींत फिरूं लागले, एकमेकांना गांठून आपापसांत भाव ठरवूं लागले. पटलेले भाव सिद्धान्ताशीं जुळेनात, आणि सौद्यांची संख्याही सिद्धान्तापेक्षां बहुधा जास्तच भरूं लागली. पुस्तकांतील पूर्ण स्पर्धा व प्रत्यक्ष बाजार यांत अंतर आहे, असा चेंबरलिननें अर्थ काढला. त्याच्या हाताखालीं शिकलेल्या व्हर्नन स्मिथला हा प्रयोग त्या वेळीं फारसा भावला नव्हता. परंतु पुढें पर्ड्यू विद्यापीठांत स्वतः शिकवूं लागल्यावर १९५६ पासून त्यानें तोच खेळ दोन फेरफार करून मांडला. पहिला फेरफार असा कीं, प्रत्येकानें आपली बोली सर्वांना ऐकूं जाईल अशी उघड बोलावी. दुसरा असा कीं, एकदां खेळून थांबूं नये. त्याच चिठ्ठ्यांवर चार-पांच फेऱ्या कराव्या. १९६२ सालीं त्यानें निष्कर्ष छापले. कोणालाही दुसऱ्याची चिठ्ठी ठाऊक नसतां, दोन-चार फेऱ्यांतच भाव सिद्धान्तानें सांगितलेल्या आंकड्याच्या अगदीं जवळ येऊन स्थिरावत होता. गुरू आणि शिष्य यांच्या प्रयोगांत माणसें एकाच तऱ्हेचीं होतीं, बदलला होता तो बाजाराचा नियम. स्मिथला या आणि पुढील कार्याबद्दल २००२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल स्मारक पारितोषिक मिळालें.

महाराष्ट्रांतील जुन्या श्रोत्यांना हा भेद समजून घेण्यासाठीं हार्वर्डपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. गुरांच्या बाजारांत व धान्यपेठांत रुमालाखालीं हात घालून, बोटें दाबून भाव ठरविण्याची चाल होती. भोंवतीं माणसांचा गराडा असे, पण भाव त्या दोन हातांपलीकडे कोणाला कळत नसे. शेजारच्या गाडीवरील माल काय भावानें गेला हें न कळणारा शेतकरी हा चेंबरलिनच्या खोलींतील विक्रेता होय. नियंत्रित बाजारपेठांच्या कायद्यांनीं उघड लिलावाचा आग्रह धरला तो ज्या अनुभवावरून, तोच अनुभव स्मिथच्या वर्गांत आंकड्यांनीं सिद्ध झाला.

येथें या प्रयोगांच्या दोन शिस्ती सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांच्यावांचून पुढील हकीकती म्हणजे नुसते खेळ वाटतील. पहिली शिस्त अशी कीं, खेळांत मिळालेले पैसे खरोखरीच हातांत पडतात. फुकटचें औदार्य सर्वांनाच परवडतें. म्हणून खिशाला चाट बसेल अशीच व्यवस्था ठेवितात. दुसरी शिस्त अशी कीं, भाग घेणाऱ्याला कोणत्याही बाबतींत फसवावयाचें नाहीं. मानसशास्त्राच्या प्रयोगांत खोटी बतावणी पुष्कळदां केली जाते. अर्थशास्त्राच्या प्रयोगशाळांनीं ती निषिद्ध मानली आहे. समोरचा प्रयोगकर्ता शब्द पाळील कीं नाहीं अशी शंका एकदां शिरली, कीं विश्वासावरील प्रयोगच करतां यावयाचा नाहीं. विश्वास मोजण्याचें उपकरणही विश्वासाचेंच असावें लागतें, हें या शास्त्राचें एक गमतीचें वैशिष्ट्य आहे.

आतां घासाघीस. वर्नर ग्यूथ व त्याचे दोन सहकारी यांनीं कोलोन विद्यापीठांत केलेला एक प्रयोग १९८२ सालीं प्रसिद्ध झाला. राजकारणांत ज्याला निर्वाणीचा खलिता म्हणतात, त्याचाच हा धाकटा भाऊ. दोन अनोळखी माणसें. त्यांतल्या एकाला कांहीं रक्कम दाखवावयाची. तिचे दोन वांटे कसे करावे हें त्यानें ठरवावें. दुसऱ्यानें एकतर तें मान्य करावें, म्हणजे ठरल्याप्रमाणें दोघांना पैसे मिळतील. किंवा झिडकारावें, म्हणजे दोघांनाही कांहीं मिळणार नाहीं. पुन्हां बोलणें नाहीं, प्रतिबोली नाहीं, पुढें गांठ पडणें नाहीं.

श्रोत्यांनीं क्षणभर आपल्याशींच विचार करावा. शंभर रुपयांपैकीं नव्वद पहिल्यानें स्वतःकडे ठेवून दहा पुढें केले, तर ते घ्यावे कीं भिरकावून द्यावे? जुन्या गृहीताचें उत्तर सरळ आहे. दहा रुपये हे शून्यापेक्षां अधिक, ते घ्यावे. किंबहुना एक रुपया दिला तरी घ्यावा, आणि हें ओळखून पहिल्यानें एकच रुपया द्यावा. ग्यूथच्या एकवीस जोड्यांपुढें चार ते दहा मार्कांपर्यंतच्या रकमा होत्या, आणि एकवीसांपैकीं सात जणांनीं सरळ निम्मेनिम वांटणी केली. आठवड्यानें त्यांनाच पुन्हां बोलाविलें तेव्हां पहिल्यांचा लोभ जरा वाढला होता, आणि दुसऱ्यांचे नकारही वाढले होते. त्यानंतर हा खेळ जगांत असंख्य ठिकाणीं खेळला गेला. विद्यापीठांतून मिळालेलीं उत्तरें थोड्याफार फरकानें सारखींच आहेत: देणारा बहुधा चाळीस ते पन्नास टक्के देतो, आणि विसांहून कमी टक्के देऊं केले तर सुमारें अर्ध्या वेळां ते नाकारले जातात.

पहिल्याचें हें औदार्य खरें कीं धोरणी? याचाही उलगडा प्रयोगानें करतां येतो. दुसऱ्याचा नकाराचा अधिकारच काढून घ्यावा. पहिला देईल तें त्यानें मुकाट्यानें घ्यावें. असें केलें कीं दिलेला वांटा विसांपासून तिसांपर्यंत टक्क्यांवर उतरतो. म्हणजे आधींच्या वांट्यांत बराच भाग धास्तीचा होता. पण जो उरतो तो धास्तीचा नव्हे. आणि दुसऱ्याचा राग तरी कशाचा? २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तोच हलका वांटा कधीं माणसाकडून व कधीं यंत्राकडून देवविला. यंत्राचा वांटा लोकांनीं बराच कमी वेळां झिडकारला. थोडे पैसे मिळाल्याचा तो राग नव्हता. कोणीतरी आपली किंमत कमी केली, याचा होता. आणखी एक बारकावा १९९४ सालच्या एका प्रयोगांत दिसला. वांटे करण्याची जागा आधीं सामान्यज्ञानाच्या चढाओढींत जिंकून घ्यावयास लावली, तेव्हां जिंकणाऱ्यानें कमी दिलें, आणि तरीही नकार वाढले नाहींत. दुसऱ्यालाही तें त्याचें कमाईचें वाटलें असावें. न्याय्य वांटा म्हणजे निम्मा वांटा नव्हे. कोणाचा हक्क कोठून आला याची दखल त्यांत घेतलेली असते. संपावर गेलेला कामगार आणि कारखानदार यांचीं बोलणीं तोट्यांत जाऊनही कां फिसकटतात हें ज्यांना केवळ आंकड्यांवरून कळत नाहीं, त्यांनीं हे प्रयोग अवश्य पाहावे.

तथापि हा मनुष्यस्वभाव कीं विद्यापीठांतील तरुणांचा स्वभाव, ही शंका रास्त होती. जोसेफ हेनरिक हा मानववंशशास्त्राचा विद्यार्थी १९९६ सालीं पेरू देशांतील ॲमेझॉनच्या अरण्यांत मचिगेंगा लोकांत हा खेळ घेऊन गेला. हे लोक विखुरलेल्या कुटुंबांनीं राहतात, जंगल तोडून फिरती शेती करतात. अनोळखी माणसाशीं देवघेवीचा प्रसंग त्यांना क्वचितच येतो. तेथें सरासरी अवघे सव्वीस टक्के देऊं केले गेले, आणि नकार फक्त एकानें दिला. वांटे करणाऱ्याच्या जागेऐवजीं आपल्याला घेणाऱ्याची जागा मिळाली हें आपलें नशीब, अशी त्यांची समजूत दिसली. त्यांत दुसऱ्यावर रागवावयाचें काय? मग अनेक संशोधकांनीं मिळून पंधरा लहान समाजांत हाच खेळ मांडला. इंडोनेशियांतील लामालेरा येथील लोक मोठ्या होड्यांतून देवमाशाची शिकार करतात व त्याचे तुकडे परंपरेनें ठरलेल्या हिश्श्यांप्रमाणें काटेकोर वांटतात. त्यांनीं निम्म्याहूनही अधिक देऊं केलें. न्यू गिनींतील आऊ व ग्नाऊ लोकांनीं तर निम्म्याहून मोठे वांटेही कित्येकदां परत केले, कारण तेथें मोठी देणगी घेणें म्हणजे देणाऱ्याचें ओझें डोक्यावर घेणें होय. सर्वसाधारणपणें असें आढळलें कीं, ज्या समाजांत बाजाराचा संबंध अधिक आणि पोट भरण्यासाठीं एकमेकांच्या सहकार्याची गरज अधिक, तेथें वांटे निम्म्याच्या जवळ जातात. बाजारानें माणूस स्वार्थी होतो असें मानणाऱ्यांना आणि माणूस मुळांतच स्वार्थी म्हणून बाजार चालतो असें मानणाऱ्यांना, दोघांनाही हा निष्कर्ष सारखाच अडचणीचा आहे.

मानापमान परवडतो तोंवरच, असें कोणी म्हणेल. त्याचीही परीक्षा झाली, आणि ती भारतांत. ईशान्य भारतांतील खेड्यांत केलेल्या व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत रक्कम २० रुपयांपासून २०,००० रुपयांपर्यंत चढवीत नेली. सर्वांत मोठी रक्कम तेथील सुमारें १,६०० तासांच्या मजुरीइतकी होती. लहान रकमांवर हलका वांटा नाकारणारे पुष्कळ निघाले. २०,००० रुपयांवर चोवीसांपैकीं अवघ्या एकानें नकार दिला. तेव्हां स्वाभिमानालाही किंमत असते. पण ती शून्य नसते, आणि त्या एकानें तर ती फारच मोठी मोजली.

घासाघिशींत निदान दोघेही एकाच वेळीं समोरासमोर असतात. विश्वासांत एकानें आधीं हात सोडावयाचा असतो. अमेरिकेंतील जॉइस बर्ग, जॉन डिकहॉट व केव्हिन मॅकेब यांनीं १९९५ सालीं यावर एक नमुनेदार प्रयोग प्रसिद्ध केला. दोन निरनिराळ्या खोल्यांत माणसें बसविलीं. प्रत्येकाला दहा डॉलर दिले. पहिल्या खोलींतील माणसानें त्यांतून वाटतील तितके, किंवा एकही नाहीं, दुसऱ्या खोलींतील अनोळखी जोडीदाराकडे पाठवावे. वाटेंत ते तिप्पट होतात. मग जोडीदारानें त्यांतून वाटतील तितके परत करावे, किंवा सारे ठेवावे. कोणीं काय केलें हें प्रयोगकर्त्यालाही कळूं नये अशी तजवीज होती. तर्क सांगतो कीं जोडीदार कांहीं परत करणार नाहीं. तेव्हां पहिल्यानें कांहीं पाठवूं नये. बत्तीसांपैकीं तिसांनीं पैसे पाठविले. सरासरीनें ५ डॉलर १६ सेंट गेले आणि ४ डॉलर ६६ सेंट परत आले.

या आंकड्यांकडे दोन बाजूंनीं पाहतां येतें. नांव-गांव न कळतां, जाब विचारणारा कोणी नसतां, इतके पैसे परत यावे हें आश्चर्य खरें. परंतु सरासरीनें विश्वास टाकणारा थोडा तोट्यांतच राहिला. पाठविल्यापेक्षां अधिक परत मिळाले ते तिसांपैकीं फक्त अकरांना. विश्वास हा फायद्याचा धंदा असतो असें या प्रयोगावरून म्हणतां यावयाचें नाहीं. मात्र पाठविलेले पैसे तिप्पट होत असल्यामुळें दोघांच्या मिळकतीची बेरीज वाढली, आणि ती वाढ पहिल्यानें हात सोडल्यावांचून होणारी नव्हती. पेढी, विमा, सहकारी पतसंस्था या सर्वांचें मूळ या तिपटींत आहे, आणि त्या कां बुडतात याचेंही.

विश्वास मोजण्याची जुनी रीत म्हणजे प्रश्न विचारणें: बहुतेक माणसांवर विश्वास ठेवतां येतो असें तुम्हांला वाटतें काय? हार्वर्डमध्यें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत याच प्रश्नाचीं उत्तरें आणि वरच्यासारख्या खेळांतील वर्तन ताडून पाहिलें. 'होय' म्हणणारांनीं दुसऱ्यावर अधिक विश्वास टाकला असें कांहीं दिसलें नाहीं. पण दुसऱ्यानें त्यांच्यावर टाकलेला विश्वास त्यांनीं अधिक राखला. माणूस जग कसें आहे तें सांगत आहे असें आपल्याला वाटतें, आणि तो बहुधा स्वतःचेंच वर्णन करीत असतो.

विश्वास नियमांनीं वाढवितां येतो, तसा मोडतांही येतो. याचें उदाहरण इस्रायलमधील हैफा शहराचें आहे, आणि तें प्रयोगशाळेच्या खोलीबाहेरचें आहे. उरी ग्नीझी व आल्डो रुस्तिचिनी यांनीं तेथील दहा पाळणाघरांत वीस आठवडे एकच गोष्ट मोजली: मुलांना न्यावयास आईबाप किती वेळां उशिरा येतात. पहिले चार आठवडे नुसती नोंद केली. पांचव्या आठवड्यापासून सहा पाळणाघरांत नियम लावला कीं, दहा मिनिटें वा अधिक उशीर झाला तर मुलामागें दहा शेकेल दंड. उशीर कमी होईल अशी कोणाचीही अपेक्षा असणार. तो वाढला, आणि वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला. दंड नव्हता तोंवर ताटकळत बसलेल्या बाईंना तोंड कसें दाखवावें हा संकोच होता. दंड आला आणि तो संकोच दहा शेकेलांना विकत मिळूं लागला. सतराव्या आठवड्यांत दंड उठविला. पण उशीर पूर्वपदावर आला नाहीं. किंमत काढून घेतां आली, संकोच परत ठेवतां आला नाहीं. दंडाच्या पाट्या लावण्याची ज्यांना हौस असते अशा अधिकाऱ्यांना हा निबंध वाचावयास द्यावा. अर्थात् दंड पुरेसा मोठा असता तर परिणाम वेगळा झाला असता, ही हरकतही खोटी नाहीं.

राहिला अंदाज. केन्सनें १९३६ सालच्या आपल्या ग्रंथांत शेअरबाजाराची तुलना वृत्तपत्रांतील सौंदर्यस्पर्धेशीं केली होती. तेथें आपल्याला कोण सुंदर वाटतें हें सांगावयाचें नसून, बहुतेकांना कोण सुंदर वाटेल हें ओळखावयाचें असतें. रोझमेरी नागेल हिनें १९९५ सालीं त्याचा अगदीं उघडावाघडा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकानें शून्यापासून शंभरापर्यंत एक संख्या लिहावी. सर्वांच्या सरासरीच्या दोन-तृतीयांशाला ज्याची संख्या सर्वांत जवळ तो जिंकला. सरासरी पन्नास येईल असें धरलें तर तेहतीस लिहावे. पण सारेच असें म्हणतील तर बावीस लिहावे. तेंही सर्वांना सुचेल तर पंधरा. आणि या पायऱ्या उतरत तर्क थेट शून्यावर पोंचतो. प्रत्यक्षांत पहिल्या फेरीची सरासरी सदतिसाच्या आसपास आली. शून्य लिहिणारा तर्कशुद्ध पंडित हरला. बहुतेक माणसें एकदोन पायऱ्या उतरून थांबतात, आणि शहाणा तो कीं जो इतर कितव्या पायरीवर थांबतील तें ओळखून त्यांच्याहून एकच पायरी खालीं जातो.

व्हर्नन स्मिथ व त्याच्या दोघा सहकाऱ्यांनीं १९८८ सालीं याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखविली. त्यांनीं पंधरा फेऱ्यांचा एक शेअरबाजार भरविला. शेअर प्रत्येक फेरीला सरासरी चोवीस सेंट लाभांश देई आणि शेवटीं निकामी होई. म्हणजे आरंभीं त्याची किंमत ३ डॉलर ६० सेंट, आणि प्रत्येक फेरीला ती चोवीस सेंटांनीं उतरत जाणार. हें कोष्टक प्रत्येकाच्या हातीं होतें. लपविलेलें कांहींच नव्हतें. तरीही भाव चढला, कोष्टकांतील किमतीच्या पुष्कळ वर गेला, आणि शेवटाकडे कोसळला. लोकांना किंमत कळत नव्हती असें नव्हे. दुसरा आपल्याहून चढ्या भावानें घेईल असा प्रत्येकाचा अंदाज होता, आणि बराच वेळ तो खराही ठरत होता. तींच माणसें दोनदां पोळून तिसऱ्यांदां एकत्र आलीं, तेव्हां मात्र फुगा जवळजवळ उरला नाहीं. खऱ्या शेअरबाजाराची अडचण अशी कीं, तेथें दर तेजींत नवीं माणसें येतात.

या सर्व प्रयोगांवर हरकती आहेत, आणि त्या क्षुल्लक नाहींत. खोलींतला तास आणि संसारांतलीं वर्षें यांत फरक आहे. भाग घेणारे पुष्कळदां पाश्चात्त्य विद्यार्थी असतात. छापलेला प्रत्येक निष्कर्ष पुन्हां पडताळतां येतोच असेंही नाहीं. दोन प्रमुख नियतकालिकांतील अठरा प्रयोग पुन्हां करून पाहिले, तेव्हां अकरांचे निष्कर्ष टिकले व परिणामही सरासरीनें मूळच्या दोन-तृतीयांश भरला, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु स्वतःच्या चुका अशा रीतीनें मोजतां येणें हाच प्रयोगाचा गुण आहे. नुसत्या तर्काला ती सोय नाहीं.

आणखी एका प्रयोगाचा उल्लेख केल्यावांचून हा विषय सोडतां येत नाहीं, कारण त्यांत विश्वास आणि अंदाज हीं दोन्हीं एकवटलीं आहेत, आणि तो उत्तर प्रदेशांतील एका खेड्यांत झाला आहे. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनीं तेथील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवावयास दिले. सुटलेल्या चक्रव्यूहामागें पैसे मिळावयाचे होते. सहा-सहा मुलगे एकत्र बसवीत. तिघे वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींचे, तिघे खालच्या मानल्या जाणाऱ्या. जातीचा उच्चार केला नाहीं तेव्हां दोघांच्या कामांत फरक आढळला नाहीं. दुसऱ्या गटांत आरंभीं एवढेंच केलें कीं, प्रत्येक मुलाचें नांव, गांव, बापाचें नांव, आजाचें नांव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखविली, आणि मुलानें मान हालवून होकार दिला. चक्रव्यूह तेच, पैसे तेच. खालच्या मानल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांचें काम लक्षणीय उतरलें.

बुद्धि तर पांच मिनिटांत कमी होत नाहीं. मग उतरलें काय? संशोधकांनीं नियमांत एक फेरफार करून पाहिला. केलेल्या कामाप्रमाणें प्रत्येकाला पैसे देण्याऐवजीं सहांतून एकाची चिठ्ठी काढावयाची, आणि ज्याचें नांव निघेल त्याला त्याच्या कामाचे पैसे द्यावयाचे, असें मुलांना आधींच सांगितलें. जात याही गटांत वाचून दाखविली होती. परंतु येथें दोन्ही बाजूंच्या मुलांच्या कामांतील तफावत नाहींशी झाली. पैसे कोणाला मिळावे यांत माणसाऐवजीं चिठ्ठीचा हात आला, तेव्हां तीं मुलें बरोबरीनें चक्रव्यूह सोडवूं लागलीं. आपल्या जातीची ओळख पटल्यावर कष्टाचें चीज होणार नाहीं, असा त्या मुलांचा अंदाज असावा, असा अर्थ संशोधकांनीं २००४ व २००६ सालच्या निबंधांत सुचविला. हें कारण एकटें पुरत नाहीं, हें त्यांनींच पुढें २०१४ सालीं दाखविलें. जात पुकारून जातवार वेगळे गट बसविले, तेव्हां वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांचेंही काम उतरलें होतें. शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलांच्या नांवांपुढें कोणकोणते रकाने असावे, आणि ते कोणीं मोठ्यानें वाचावे, हा प्रश्न त्यामुळें अर्थशास्त्राच्याही कक्षेंत आला आहे.